पालखीच्या चालीनं गेलेली होडी

कावळा लगेच शिवला, दादूस. पिंड मांडून भटजी चार पावलं मागे सरतायत न सरतायत तोच तिवरातून एक काळा भुंग उडत आला आणि भाताचा घास घेऊन गेला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "सुटला बिचारा, मागं कसली म्हणून वासना ऱ्हायली नाय," असं कोणीतरी म्हणालं, आणि मला असा राग आला म्हणून सांगू! कसली घाई होती रे तुला? लोकांचे कावळे तास तास झाडावर बसून राहतात, घरचे हात जोडून एकेक कबूल करत जातात. मीसुद्धा एक वाक्य तयार करून उभी होते. मी ते बोलणार आणि मगच कावळा खाली उतरणार, असं मनात धरूनच आले होते. तोंड उघडायच्या आत तू जेवून मोकळा. जिवंतपणी माझं बोलणं कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस, मेल्यावर तरी घेशील असं वाटलं होतं.

म्हणून आता लिहिते. दहावी नापास बाई आहे, अलिबागच्या बाजारात मासे विकते, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तू तर नववीचं तोंडही पाहिलं नाहीस.

तुझे गुण मी सांगणार नाही. ते सांगायला गावात माणसं कमी नाहीत. रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की ज्याच्या त्याच्या तोंडी तुझंच नाव. हरीसारखा माणूस नाही, हरीसारखा खाडीचा जाणकार नाही, हरीसारखा पोहणारा नाही. एवढा पोहणारा होतास तर बुडालास कसा, हे विचारायची कोणाची छाती होत नाही.

तुझी होडी पलीकडच्या काठाला सापडली, तिवरात तोंड खुपसून. मशीन चालूच होतं. पंखा नुसता चिखल घुसळत होता. मधल्या फळीवर गळाची काठी वाकलेली, तिचा नायलॉनचा तंगूस ताणलेला, आणि टोकाला जिवंत जिताडा, चांगला हातभर लांब. जाळी काढून परतणाऱ्या दोघांना तो दिसला. त्यांनी मशीन बंद केलं, मासा गळातून सोडवला आणि पाण्यात टाकून दिला. असला मासा घरी नेत नाहीत म्हणे. म्हणजे शेवटी तुझा मासा सोडूनच दिला बघ, तुझे ते बंगलेवाले पाहुणे सोडायचे तसा. तू मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलास, ओहोटीला.

होडी काही पळाली नव्हती. तू तिला ज्या चालीवर ठेवली होतीस त्याच चालीनं ती पुढे गेली, तुला मागे टाकून. ही चाल मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती माझ्या बोटात आहे.

बा आपल्याला दोघांना घेऊन जायचा तेव्हा तू अकरा-बारा वर्षांचा असशील, मी आठ-नऊची. भांगाचे दिवस बघून निघायचं, अष्टमीच्या आसपास, पाण्याला जोर नसतो आणि खाडीचा गढूळपणा थोडा खाली बसतो तेव्हा. मशीनचा दांडा तुझ्या हातात, पुढच्या फळीवर मी, आणि माझ्या पहिल्या बोटावरून सोडलेला तंगूस मागे चाळीस-पन्नास हात लांब. त्याच्या टोकाला बानं पांगाऱ्याच्या लाकडाचा कोरलेला खोटा मासा. होडी जरा जोरात गेली की तो मासा पाण्यावर येऊन गरगर फिरायचा. जिताडा काय खुळा नाही, असल्याकडे ढुंकून बघत नाही. अगदीच हळू झाली की मासा तळाला जाऊन चिखलात बसायचा. मधली एकच चाल अशी, की लाकडाचा तुकडा शेपूट हलवत पोहायला लागतो आणि त्याची थरथर तंगुसातून बोटाला लागते. बा म्हणायचा, "देवीची पालखी निंगते ना, ती चाल धरा. खांद्यावर वझं हाय, पन घाई नाय." मी बोटावर लक्ष ठेवून सांगायची. "हळू. अजून हळू. बस." आणि तू दांडा तसूतसूनं फिरवायचास. वेग तुझ्या हातात होता, पण ठरवायची मी. एवढं तरी कबूल कर आता.

बाचं जुनं मशीन इतकं हळू चालायचंच नाही. खोकायचं, धूर ओकायचं, प्लग काळा करून मध्येच बंद पडायचं. म्हणून बानं पत्र्याच्या बालदीला तळात भोकं पाडून ती मागे दोरीनं सोडली होती. मशीन आपलं जोरात ओढायचं, बालदी मागे खेचायची, आणि होडी मधल्या मध्ये पालखीच्या चालीला यायची. बालदीची दोरी मात्र बा चांगली लांब ठेवायचा. मी एकदा विचारलं, एवढी लांब कशाला? "मानूस पडला तर धराया काय नको?" म्हणाला, आणि विडी पेटवली. तूही तिथंच बसला होतास. तुझ्याही कानावर पडलंच असणार.

मग माझं लग्न झालं, थळला गेले, आणि बानं सांगितलं की आता होडीत पाय ठेवायचा नाही. लेक लग्नानंतर बापाच्या होडीत दिसली तर जावयाला पोसता येत नाही असं लोक म्हणतील. बाचं मी मनावर घेतलं नाही. तो जुना माणूस, त्याच्या डोक्यात बसलं ते बसलं. पण बा गेल्यावर मी तुला विचारलं होतं. आठवतं? आपल्या ओटीवर, तू जाळं शिवत होतास. मी म्हटलं, दादूस, माझी पोरं मोठी झाली, नवऱ्याची ना नाही, भांगाला मला घेऊन जात जा. मान वर न करता म्हणालास, "लोकं हसतील, मंदे." झालं, संपलं. मीही परत विचारलं नाही. तू धरलेला जिताडा रेवसहून डब्यात भरून मिनीडोर रिक्षानं अलिबागला न्यायचा आणि विकायचा, एवढंच माझ्या वाट्याला. मासा माझ्या हातात यायचा तो मेलेला.

आणि मग आले तुझे पाहुणे. अलिबागला बंगले बांधून शनिवार-रविवार राहायला येणारी माणसं, डोक्यावर टोप्या, हातात काठ्या. मासा धरायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मी मासे विकणारी बाई, माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "सोडायचाच व्हता तर धरला कशाला? त्याच्या तोंडाला भोक पाडून नमस्कार करायला?" तू हसत सुटलास. म्हणालास, "त्यांना खायाचा नसतो गं, नुसता भेटायचा असतो." आपलं हे भांडण कधी मिटलं नाही. मी आजही म्हणते, भेटायचंच असेल तर गळ कशाला हवा?

पण माझं खरं दुखणं ते नव्हतं. रेवसच्या धक्क्यावर मी बर्फाची वाट बघत उभी होते, आणि तुझी होडी आली. पुढच्या फळीवर, माझ्या फळीवर, एक बाई बसली होती. गुडघ्यापर्यंतची चड्डी, डोळ्यांना काळा चष्मा, हातात काठी. आणि तू दांड्यावरून तिला ओरडून विचारत होतास, "मॅडम, बरोबर हाय का? की अजून हळू करू?" दादूस, त्या दिवशी मी धक्क्यावर तुला काय काय बोलले ते सगळ्या रेवसनं ऐकलं. ती बसली तर पाहुणी आणि मी बसले तर लोक हसतील, होय रे? तुझा चेहरा पडला होता. पण एक शब्द बोलला नाहीस. तुझी ही खोड जन्माची. दुसऱ्यानं बोलून बोलून दमायचं आणि तू आपलं दोरी गुंडाळत बसायचं.

त्यानंतर वर्षभर मासा वयनीच्या हातून यायचा. तू घरात असलास तर मी बाहेरूनच जायची. बोलणं परत सुरू झालं ते गेल्या भाऊबीजेला. ते लिहायला बसले आहे आणि हात पुढे सरकत नाही. पण कावळ्यापुढे राहून गेलं ते इथं तरी बोललं पाहिजे.

मी ताट घेऊन आले. तू पाटावर बसलास, डोक्यावर रुमाल टाकून, लहानपणी बसायचास तसा गंभीर चेहरा करून. मी ओवाळलं. तुला आयुष्य मागितलं, रागात असले तरी मागितलंच. ओवाळणीत तू साडी घातलीस, मोरपंखी, रंग वयनीनं निवडला असणार. मग फराळ झाला आणि माझा बर्फाचा डबा तुझ्या नजरेस पडला. झाकणाची कडी तुटलेली, मी ती सुतळीनं बांधून नेत होते. मिनीडोर खड्ड्यात गेली की झाकण उडायचं आणि बाजूच्या माणसाच्या अंगावर बर्फाचं पाणी. तू म्हणालास, "थांब, तुना बेस दोरी देतो." होडीकडे गेलास. मी मागोमाग आले.

नवीन मशीनला एक लाल दोरी होती. फोनच्या जुन्या वायरीसारखी गुंडाळीची, ताणली की लांबणारी, सोडली की आखडणारी, एका टोकाला छान आकडा. दुसरं टोक मशीनच्या बटणात खोचलेल्या लाल किल्लीला. तू खिशातला चाकू काढलास आणि किल्लीपाशी ती दोरी कापलीस. मी विचारलं होतं. हे तू विसरायचं नाहीस, दादूस, मी विचारलं होतं. "मशीनला लागत नाय का?"

"शोभेची हाय," म्हणालास. "हाताला बांधून बस म्हनतात, कुत्र्यासारखा. काठीपर्यंत हात पोचत नाय माजा." आणि दोरी माझ्या हातात देऊन वर मला डिवचलंस. "घे, झाकणाला बांध. तुज्या तोंडाला बसली तर तिथं पन बांधून बघ." मी तुझ्या पाठीत धपाटा घातला. आपण दोघं हसलो. वर्षभराचा अबोला असा सुटला.

दोरी झक्क होती. तीन महिने माझ्या डब्यावर राहिली. बाजारातल्या बायका विचारायच्या, मंदे, कुठून आणलीस? मी ऐटीत सांगायची, भावानं दिली.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. मी बाजारात होते, पुढ्यात गिऱ्हाईक. तू म्हणालास, "उद्या पाहुणे नायत. भांग हाय. येतेस का, मंदे?"

तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मला काय सुचावं? मी म्हटलं, "पाहुण्यांनी टांग दिली म्हनून माजी आठवन झाली व्हय? मना बाजार हाय." आणि फोन ठेवला. बाजूची बाई म्हणाली, कोण गं? म्हटलं, कोणी नाय. संध्याकाळपर्यंत मनातून खूश होते. बरा खिजवला, म्हटलं. दोन दिवसांनी परत विचारील, मग जाईन. थोडा भाव खाल्ला तर काय बिघडलं, तीस वर्षं तूही खाल्लासच की.

दुसऱ्या दिवशी तू एकटा गेलास. पाहुण्यांच्या काठ्यांसाठी मधल्या फळीवर तूच लोखंडी नळ्या ठोकल्या होत्यास, तिथं काठी खोचलीस आणि मागे दांड्यावर बसलास. जिताडा लागला असणार. काठी वाकली असणार. आणि तू दांडा सोडून उठलास, पायात ते जड गमबूट. मी पुढे असते तर तुला उठावं कशाला लागलं असतं? मासा मी ओढला असता. तू तुझ्या जागेवर बसून नेहमीसारखा ओरडला असतास, "ढील दे, ढील दे, तोडशील मेले!"

पुढचं ऐक. दहाव्याहून परत आलो त्या दिवशी दुपारी अस्लम आला. तुझं मशीन बसवणारा, दुरुस्त करणारा अस्लम, बापड्यानं डोक्याला रुमाल बांधला होता, दारात चपला काढून उभा राहिला. होडी बघून आलो म्हणाला. मग दबक्या आवाजात विचारलं, "किल्ली जागेवर आहे, पण दोरी कुठे आहे? लाल दोरी?"

तुझ्या रोशननं विचारलं, कसली दोरी? तेव्हा अस्लमनं सांगितलं. चालवणाऱ्यानं ती मनगटाला बांधायची. माणूस पाण्यात पडला तर दोरीबरोबर किल्ली निघते आणि मशीन तिथंच बंद. होडी पुढे जात नाही. पडलेला माणूस पोहत येतो, होडीला धरतो, वर चढतो. "हरीभाऊंना मी दहा वेळा सांगितलं होतं," म्हणाला.

आणि तुझा मुलगा, माझा रोशन, ज्याला मी कडेवर खेळवला, तो ताडकन उठला. "खोटं बोलतोस! दोरी तू दिलीच नव्हतीस. नुसती किल्ली लावून मशीन गळ्यात मारलंस. माझा बाप तुझ्यामुळं गेला." अस्लम म्हणत होता, दिली होती भाई, लाल होती, मी स्वतः लावली होती. कोण ऐकतोय? चार माणसं जमली. रोशन म्हणाला, पोलिसात जातो. अस्लम वयनीकडे बघत होता, मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही तरी कधी बघितली असेल?"

तुझी बातमी ऐकून बाजारातून तशीच धावत आले होते, तेव्हापासून तुझ्या घरीच पडलेला माझा डबा माझ्या पायाशी होता, दादूस. त्याच्यावर ती दोरी. मी डबा हळूच ओढून पदराखाली घेतला आणि म्हटलं, "मना काय ठाव?"

असली बहीण तुझी. तो उन्हात आला तसा उन्हात परत गेला. त्याच्या दुकानावर गावातली मशिनं येईनाशी झाली. माणसं त्याला बघून थुंकायला लागली. मी तीन दिवस घरात पडून होते. बाजाराला गेले नाही. तुला शिव्या घालत होते. मनातल्या मनात नाही, तोंडानं. माझा नवरा बाहेर जाऊन बसायचा. मूर्खा, गाढवा, शोभेची दोरी म्हणे! मी तुला आयुष्य मागितलं आणि त्याच दुपारी तू ते कापून माझ्या माशाच्या डब्याला बांधलंस. आणि मला सांगितलंही नाहीस की काय देतोयस. मला ठाऊक असतं तर घेतली असती का रे? तुझ्या थोबाडावर फेकून मारली असती. बा अडाणी, त्याला किल्लीबिल्ली काही ठाऊक नव्हती, पण त्यानं मागे बालदीची दोरी तरी ठेवली होती. नवं मशीन आपसूक हळू चालतं म्हणून तू बालदी काढून टाकलीस, आणि कुत्र्यासारखं वाटतं म्हणून ही कापलीस. धरायला म्हणून काही ठेवलंच नाहीस.

तेराव्याला जेवणं उरकली, पाहुणेरावळे गेले. मी डबा उचलला आणि वयनी आणि रोशनच्या मध्ये नेऊन ठेवला. म्हटलं, ही बघा दोरी. भाऊबीजेला दिली मला. माझ्या डोळ्यांसमोर कापली. अस्लमनं दिली होती, तो खरं बोलत होता, आणि मी खोटं. रोशन दोरीकडे बघत राहिला. त्यानं हात लावला नाही. मग उठला, चपला घातल्या आणि अस्लमच्या दुकानाकडे गेला. मला एक शब्द बोलला नाही. तुझाच मुलगा.

वयनी म्हणाली, "मना ठाव व्हतं. तू डबा पदराखाली घेतलास तवाच वळखली दोरी."

मी म्हटलं, "मग बोलली का नायस? तो बिचारा अस्लम…"

"तूच बोलशील म्हनून थांबले. उद्या बोललीच असते." मग ती बराच वेळ डब्याच्या झाकणावरून हात फिरवत बसली. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. त्याऐवजी म्हणाली, "त्या दिवशी पाहुणे येनार व्हते, मंदा. ह्यांनीच नको सांगितलं पाहुण्यांना. म्हनले, उद्याचा भांग बहिणीला दिला. तुना फोन करायच्या आधी सकाळीच जाऊन हे पुढची फळी घासून आले, तुझी साडी खराब होईल म्हनून."

दादूस. का नाही सांगितलंस? फोनवर एवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? "पाहुणे नायत" म्हणालास. "तुझ्यासाठी नायत" म्हणाला असतास तर जीभ झडली असती का? मी बाजार टाकून आले असते. पुढ्यातला मासा गिऱ्हाइकाला फुकट देऊन आले असते. तुला बोलता येत नव्हतं आणि मला ऐकता येत नव्हतं, अशी आपण दोघं एका आईच्या पोटची.

वयनीनं मला नंतर ती फळी दाखवली. काथ्यानं घासलेली, पांढरी स्वच्छ. उरलेली सगळी होडी माशाच्या खवल्यांनी भरलेली. एवढं काम केलंस आणि त्याबद्दल चकार शब्द नाही. आता ती फळी बघून मी तुझे उपकार मानू की कपाळ बडवून घेऊ, हे तूच सांग.

कावळ्यापुढे मी जे बोलणार होते ते असं होतं: "दादूस, मी येते होडीत." एवढंच. म्हणून काल गेले.

अस्लमला बोलावलं होतं. मी त्याच्या पाया पडायला वाकले, तर तो चार पावलं मागे सरला. "असं नका करू ताई," म्हणाला, पण माझ्याकडे नीट बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. त्यानं नवी दोरी आणली होती, तशीच लाल. कापलेली जोडता येत नाही म्हणाला. मी मागे दांड्यावर बसले, तो मधल्या फळीवर. वयनी धक्क्यावर उभी. आजूबाजूला माणसं बघत होती. कोणी हसलं नाही, दादूस. एकसुद्धा हसलं नाही.

त्यानं दोरीचा आकडा माझ्या मनगटाला अडकवला आणि मशीन चालू केलं. कसं हळू करायचं ते दाखवायला गेला, मी म्हटलं ते मला ठाऊक आहे. दांडा फिरवत फिरवत आणला. हळू, अजून हळू, बस. पालखीच्या चालीला होडी आली, इतकी वर्षं झाली तरी बरोबर आली. पुढच्या फळीवर कोणी नव्हतं. नवं मशीन किती कमी वाजतं रे! धक्क्यावर वयनी खोकली ते मला ऐकू आलं.

अस्लम म्हणाला, "आता हात झटका, ताई. पडलात असं समजा."

मी हात झटकला. किल्ली निघाली. मशीन तिथंच बंद. होडी थोडी पुढे सरकली आणि थांबली. मी मागे वळून बघितलं, जिथं हात झटकला होता त्या पाण्याकडे. तिथं अजून फेसाचे चार बुडबुडे होते. मी नजरेनं मोजलं, मग परत मोजलं.

दहा हात, दादूस. तुला फक्त दहा हात पोहायचं होतं.